बालहत्यांच्या मालिका : तपास, पुरावा आणि अपुरा न्याय
(मानवत प्रकरणाच्या संदर्भात एक विवेचन)

प्रस्तावना

लहान मुलांचे एकामागून एक खून होतात आणि खुनी सापडत नाही, तेव्हा सारा गाव भीतीने गोठून जातो. शाळेची पटसंख्या रोडावते, संध्याकाळ होताच घरांची दारे लागतात आणि अनोळखी माणसाकडे संशयाने पाहिले जाते. अशा प्रकरणाची चर्चा बहुधा 'खुनी कोण?' या एका प्रश्नाभोवती फिरते. कोणाला तरी अटक झाली की लोकांना हायसे वाटते, वर्तमानपत्रे दुसऱ्या बातमीकडे वळतात आणि प्रकरण सुटले असे मानले जाते. परंतु अटक, आरोपपत्र, दोषसिद्धी आणि सत्य या चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची गल्लत झाली की मेलेल्या मुलांना न्याय मिळत नाही आणि जिवंत मुले सुरक्षित होत नाहीत.

प्रस्तुत लेखात मराठवाड्यातील मानवत येथील हत्याकांड केंद्रस्थानी ठेवून हा फरक स्पष्ट केला आहे. तुलनेसाठी कोल्हापूरचे बालहत्याकांड, उत्तर प्रदेशातील निठारी आणि अमेरिकेतील अटलांटा शहर येथील प्रकरणांचा आधार घेतला आहे. त्यावरून निघणारे निष्कर्ष मध्य प्रदेशातील पांढुर्णा आणि सौंसर या मराठीभाषक सीमाभागातील महाविद्यालयीन शिक्षकांच्या दृष्टीने शेवटी मांडले आहेत. बळी पडलेल्या मुलांची नावे तसेच न्यायालयाने निर्दोष ठरवलेल्या व्यक्तींची नावे येथे हेतुतः दिलेली नाहीत.

मानवत : चौदा महिने, दहा खून

मानवत हे परभणी जिल्ह्यातील बाजारपेठेचे गाव. १९७२ साली मराठवाडा भीषण दुष्काळात होरपळत होता. त्याच वर्षी १४ नोव्हेंबर रोजी या गावात खुनांची मालिका सुरू झाली आणि ती ४ जानेवारी १९७४ पर्यंत चालली. या चौदा महिन्यांत दहा जणींचा बळी गेला. त्यांत सुमारे दहा वर्षे वयाच्या पाच मुली होत्या, एक तान्हे मूल होते आणि चार मध्यमवयीन स्त्रिया होत्या. बळी पडलेल्या साऱ्याजणी स्त्रीजातीच्या होत्या. त्यांत हिंदू होत्या तशा मुस्लिमही होत्या.

स्थानिक पोलिसांच्या तपासाला यश येईना. शेवटी राज्याच्या गुन्हे अन्वेषण विभागाचे वरिष्ठ अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांच्याकडे तपासाची सूत्रे आली. १९६८ मध्ये मुंबईत गाजलेल्या रामन राघव प्रकरणाच्या तपासामुळे त्यांचे नाव महाराष्ट्राला परिचित झाले होते. कुलकर्णी यांनी या तपासाची हकीगत पुढे आपल्या आठवणींत नोंदवून ठेवली आहे.

तपासातून पुढे आलेली फिर्यादी पक्षाची बाजू अशी होती : गावातील एक वजनदार पुढारी आणि त्याच्यासोबत राहणारी स्त्री यांना गुप्तधन आणि अपत्य हवे होते. पिंपळाखालच्या मुंजाला कुमारिकांच्या रक्ताचा नैवेद्य दाखवला की दोन्ही इच्छा पूर्ण होतील, असे त्यांना सांगण्यात आले आणि त्यासाठी माणसे हाताशी धरून खून करविण्यात आले. अठरा जणांना आरोपी करण्यात आले. त्यांपैकी दोघांना माफी देऊन सरकारी साक्षीदार करण्यात आले.

खटला परभणीच्या सत्र न्यायालयातून मुंबई उच्च न्यायालयात आणि तेथून सर्वोच्च न्यायालयात गेला. १९ एप्रिल १९७७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'दगडू विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या नावाने ओळखला जाणारा निकाल दिला. न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड यांनी लिहिलेला हा निकाल आजही कायद्याच्या अभ्यासक्रमात शिकविला जातो. प्रत्यक्ष खुनात भाग घेतल्याचे सिद्ध झालेल्या काही आरोपींची दोषसिद्धी टिकली. परंतु ज्यांच्या इच्छेखातर हे सारे घडले असे फिर्यादी पक्षाचे म्हणणे होते, ती दोन मुख्य माणसे सत्र न्यायालयात दोषी ठरूनही अपिलांच्या टप्प्यात पुराव्याअभावी सुटली.

याचा नेमका अर्थ समजून घेणे आवश्यक आहे. गावाच्या मनात मानवतचे प्रकरण सुटलेले आहे. 'मानवत म्हणजे गुप्तधनासाठी दिलेले नरबळी' हे समीकरण पन्नास वर्षे लोकांच्या तोंडी आहे. कायद्याच्या दृष्टीने मात्र हे खून कोणी करविले, या प्रश्नाचे सिद्ध झालेले उत्तर नाही. हातांचा शोध लागला, डोक्याचा लागला नाही. निर्दोष सुटलेल्यांना 'खरे गुन्हेगार' म्हणत राहणे जसे चुकीचे, तसेच प्रश्न संपला असे मानणेही चुकीचे.

कबुलीजबाब पुरेसा का नसतो?

असे घडले याचे कारण समजण्यासाठी पुराव्याच्या कायद्याची तीन तत्त्वे पाहावी लागतात.

पहिले तत्त्व : पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध वापरता येत नाही. १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम २५ मध्ये हा नियम होता आणि २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्ये तो कायम आहे. कोठडीतला माणूस भीतीने, मारहाणीने किंवा आमिषाने काहीही कबूल करू शकतो, हा अनुभव या नियमामागे आहे. मात्र त्याने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर त्या शोधाशी निगडित तेवढा भाग पुराव्यात येतो.

दुसरे तत्त्व : दंडाधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली ग्राह्य असते, पण ती स्वेच्छेची आहे याची खात्री दंडाधिकाऱ्याने करून घेतलीच पाहिजे. आरोपीला विचार करण्यास वेळ द्यावा लागतो, कबुली देण्याचे बंधन नाही हे सांगावे लागते आणि ती त्याच्याविरुद्ध वापरली जाईल याची जाणीव करून द्यावी लागते. मानवतच्या निकालात या खबरदारीवर न्यायालयाने विशेष भर दिला.

तिसरे तत्त्व माफीच्या साक्षीदाराविषयी आहे. तो स्वतः गुन्ह्यात सामील असतो आणि स्वतःची मान सोडविण्यासाठी दुसऱ्याचे नाव घेण्याचा मोह त्याला असतो. म्हणून त्याच्या साक्षीला स्वतंत्र पुष्टी लागते. ही पुष्टी केवळ 'खून झाला' एवढ्यापुरती असून चालत नाही, तर ज्या आरोपीविरुद्ध ती साक्ष वापरायची त्याचा गुन्ह्याशी संबंध जोडणारी असावी लागते. मानवतला खून झाले हे निर्विवाद होते. कोणी शस्त्र चालविले याबाबत काही आरोपींविरुद्ध पुष्टी मिळाली. कोणी सांगितले याबाबत न्यायालयांचे समाधान होईल अशी पुष्टी मिळाली नाही.

हे नियम म्हणजे गुन्हेगारांना पळवाट, असे अनेकदा वर्गातही ऐकू येते. त्यावर इंग्लंडमधील एक उदाहरण उद्बोधक आहे. लेस्टरशायर परगण्यात १९८३ आणि १९८६ मध्ये पंधरा वर्षांच्या दोन मुलींचे खून झाले. एका तरुणाने दुसऱ्या खुनाची कबुली दिली. पोलिसांना खात्री होती की पहिला खूनही त्याचाच. त्याच सुमारास लेस्टर विद्यापीठात अ‍ॅलेक जेफ्रीज यांनी डीएनए ठशांची पद्धत शोधून काढली होती. तपासणीत दोन्ही खून एकाच माणसाने केले असे निघाले, पण तो माणूस कबुली देणारा तरुण नव्हता. पुढे खरा खुनी सापडला आणि १९८८ मध्ये त्याला शिक्षा झाली. म्हणजे गुन्ह्याच्या तपासात डीएनएने पहिले मोठे काम केले ते कबुली देऊन बसलेल्या निरपराध माणसाला वाचविण्याचे. त्या कबुलीवर तपास थांबला असता तर निरपराध तुरुंगात आणि खुनी मोकळा, अशी स्थिती राहिली असती.

निठारी : एकोणीस वर्षांनंतर पुन्हा पहिला प्रश्न

दिल्लीलगतच्या नोएडा शहरात निठारी हे गाव आहे. २००५ आणि २००६ या काळात तेथील मुले एकेक करून नाहीशी होत होती. बहुतेक मुले पोटासाठी परप्रांतांतून आलेल्या मजुरांची होती. पालक पोलीस ठाण्यात खेटे घालत होते, पण त्यांच्या तक्रारींकडे गांभीर्याने पाहिले गेले नाही. डिसेंबर २००६ च्या अखेरीस एका बंगल्यामागच्या नाल्यात मानवी अवशेष सापडले आणि देश हादरला. घरमालक व नोकर यांना अटक झाली, हलगर्जीबद्दल काही पोलिसांवर निलंबन व बडतर्फीची कारवाई झाली आणि तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला.

नोकराला अनेक खटल्यांत फाशीची शिक्षा झाली. एका खटल्यात ती २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही कायम झाली. सप्टेंबर २०१४ मध्ये तिची अंमलबजावणी ऐनवेळी थांबली आणि २०१५ मध्ये दयेच्या अर्जावरील विलंबामुळे ती जन्मठेपेत बदलली. त्यानंतर १६ ऑक्टोबर २०२३ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने नोकराला बारा आणि मालकाला दोन खटल्यांतून निर्दोष मुक्त केले. सुमारे साठ दिवसांच्या पोलीस कोठडीनंतर, वैद्यकीय तपासणी वा योग्य कायदेशीर मदत न देता घेतलेल्या कबुलीवर विसंबता येत नाही, अवशेष सापडल्याचा पुरावाही कायद्याच्या कसोटीला उतरत नाही, असे न्यायालयाने म्हटले आणि तपासावर कठोर ताशेरे ओढले. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या निकालाविरुद्धची अपिले फेटाळली. उरलेल्या एका खटल्यातही ११ नोव्हेंबर २०२५ रोजी त्याच न्यायालयाने नोकराला निर्दोष ठरविले. इतर सर्व खटल्यांत नाकारला गेलेला पुरावा एका खटल्यात खरा मानता येणार नाही, हे त्यामागचे सूत्र होते. दीर्घ तपासानंतरही खरा गुन्हेगार कायद्याच्या कसोटीवर सिद्ध झाला नाही, याबद्दल न्यायालयाने खेद व्यक्त केला.

निठारीतील मुलांचे खून कोणी केले? एकोणीस वर्षांनंतर या प्रश्नाचे कायदेशीर उत्तर नाही. आणि ज्या दोषसिद्धीला पुढे स्वतः सर्वोच्च न्यायालयानेच रद्द ठरविले, तिच्या आधारे एक माणूस फासापर्यंत जाऊन परतला होता.

अटलांटा : खटल्याविना बंद झालेली प्रकरणे

अमेरिकेच्या दक्षिणेकडील अटलांटा शहरात १९७९ च्या उन्हाळ्यापासून १९८१ च्या मे महिन्यापर्यंत किमान अठ्ठावीस कृष्णवर्णीय मुले, किशोर आणि तरुण मारले गेले. बहुतेक गरीब वस्त्यांतील होते. सुरुवातीला प्रत्येक खून स्वतंत्र मानला गेला. हे एकमेकांशी जोडलेले आहे, असे म्हणत पहिल्यांदा उभ्या राहिल्या त्या मृत मुलांच्या आया. १९८० मध्ये त्यांनी स्वतःची समिती स्थापन केली आणि पोलिसांवर दबाव आणला. त्यानंतर विशेष तपास पथक नेमले गेले आणि मुलांसाठी रात्रीची संचारबंदी लागू झाली. मेनार्ड जॅक्सन हे शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर त्या वेळी पदावर होते. म्हणजे सत्तेत आपल्या समाजाचा माणूस असला तरी गरिबाच्या मुलाची तक्रार आपोआप वर पोहोचत नाही, हेही या प्रकरणातून दिसते.

मे १९८१ मध्ये चॅटाहूची नदीच्या पुलाजवळ रात्री पहारा देणाऱ्या पोलिसांनी वेन विल्यम्स या तरुणाला अडविले. कपड्यांवर सापडलेले गालिच्याचे धागे आणि कुत्र्याचे केस हा त्याच्याविरुद्धचा मुख्य पुरावा होता. २७ फेब्रुवारी १९८२ रोजी तो दोन खुनांबद्दल दोषी ठरला. परंतु ते दोन्ही मृत प्रौढ होते. मुलांच्या खुनांबद्दल त्याच्यावर कधीच खटला चालला नाही. तरीही पोलिसांनी वीसहून अधिक प्रकरणे त्याच्या नावावर टाकून बंद केली. विल्यम्सने गुन्हा सतत नाकारला आहे. अनेक मातापित्यांचेही समाधान झाले नाही. जेम्स बाल्डविन या विख्यात लेखकाने १९८५ मध्ये या प्रकरणावर पुस्तक लिहून, दोन प्रौढांच्या खटल्यावर इतक्या मुलांच्या खुनांचा भार कसा टाकता येतो, हा प्रश्न उपस्थित केला. २०१९ मध्ये अटलांटाच्या महापौर कीशा लान्स बॉटम्स यांनी जपून ठेवलेल्या पुराव्याची नव्या तंत्राने फेरतपासणी करण्याचे जाहीर केले.

येथे अडचण मानवतच्या उलट आहे. मानवतला न्यायालयाने प्रत्येक आरोपीचा पुरावा वेगळा तोलला आणि काहीजण सुटले. अटलांटात मुलांची प्रकरणे न्यायालयापर्यंत पोहोचलीच नाहीत. दोन्हीकडे आईचा प्रश्न एकच राहतो : 'माझ्या मुलाचे काय झाले?' मालिकेतील प्रत्येक मूल हे स्वतंत्र प्रकरण असते. एकाचा खुनी सापडला म्हणून दुसऱ्याचा हिशेब मिटत नाही.

मालिका दिसते केव्हा?

वरील प्रकरणांत एक समान धागा आहे. मालिका ही मालिका म्हणून दिसायलाच फार वेळ लागतो. कोल्हापूरच्या बालहत्याकांडावरून हे अधिक स्पष्ट होते. अंजनाबाई गावित आणि तिच्या दोन मुली १९९० ते १९९६ या काळात पश्चिम महाराष्ट्रातील निरनिराळ्या शहरांतून लहान मुले पळवीत. चोरी करताना पकडले गेले की कडेवरचे मूल पुढे करून सुटका करून घ्यायची, हा त्यामागचा हेतू होता. मूल निरुपयोगी वा अडचणीचे झाले की त्याला मारले जाई. तेरा मुलांच्या अपहरणाचा आणि त्यांपैकी नऊजणांच्या खुनाचा आरोप ठेवण्यात आला.

बसस्थानक, बाजार, मंदिर अशा गर्दीच्या ठिकाणांहून गरिबांची मुले नाहीशी होत होती. प्रत्येक ठिकाणी ती एकेकटी, 'हरवलेले मूल' म्हणून राहिली. सहा वर्षे कोणीही हे तुकडे जुळविले नाहीत. अंजनाबाईच्या पूर्वीच्या पतीच्या घरातील मुलगी बेपत्ता झाली, त्या कुटुंबाने संशय धरला आणि तक्रार लावून धरली, तेव्हा १९९६ च्या नोव्हेंबरमध्ये या तिघी हाती लागल्या. अंजनाबाई खटल्यापूर्वीच मरण पावली. दोन्ही मुलींना २००१ मध्ये फाशीची शिक्षा झाली, २००६ मध्ये ती सर्वोच्च न्यायालयात कायम झाली आणि दयेचा अर्ज निकाली काढण्यातील विलंबामुळे १८ जानेवारी २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेत बदलली. हे प्रकरण सुटले, असे म्हणता येते. परंतु ते सुटण्यास लागलेल्या सहा वर्षांची किंमत मुलांनी मोजली.

तेव्हा पहिल्या मुलाची तक्रार नीट नोंदली न जाणे हेच अशा मालिकेचे खरे बळ आहे. नोंद नसेल तर शोध नाही. शोध उशिरा लागला तर घटनास्थळ, कपडे, साक्षीदारांच्या आठवणी असा प्रत्यक्ष पुरावा नष्ट झालेला असतो. मग तपास यंत्रणा कबुलीकडे वळते. आणि कबुलीवर उभा राहिलेला खटला अपिलात कोसळतो. पोलीस ठाण्यातील पहिल्या दिवसाची टाळाटाळ आणि वीस वर्षांनंतरची निर्दोष मुक्तता ही एकाच साखळीची दोन टोके आहेत.

अफवा : भीतीचे दुसरे बळी

तपास यंत्रणेवरचा विश्वास उडाला की त्याची जागा अफवा घेते. अटलांटात १३ ऑक्टोबर १९८० रोजी एका बालवाडीत बॉयलरचा स्फोट होऊन चार मुले व एक शिक्षिका मरण पावली. तो अपघात होता, पण भेदरलेल्या वस्तीने तो घातपातच समजला.

आपल्याकडे याचे रूप अधिक भीषण आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे आठवडी बाजारात भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना 'मुले पळविणारी टोळी' समजून जमावाने ठार मारले. जुलै २०१९ मध्ये पांढुर्ण्याला लागून असलेल्या बैतूल जिल्ह्यात, अशाच संशयावरून रात्री मोटारीने जाणाऱ्या राजकीय कार्यकर्त्यांना गावकऱ्यांनी मारहाण केली. एप्रिल २०२० मध्ये पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा चालक यांचा अफवेपायी बळी गेला. या घटनांत मेलेली माणसे निरपराध होती. एकही हरवलेले मूल त्यामुळे घरी परतले नाही. उलट, भटक्या, भिक्षेकरी, परभाषक वा परधर्मीय माणसावर संशय घेण्याची सवय लागली की ओळखीच्या माणसाकडे लक्ष जात नाही. मानवत आणि निठारी या दोन्ही ठिकाणी मुले आपापल्या वस्तीतूनच नाहीशी झाली होती, हे विसरता येत नाही.

कायद्यातील बदल

निठारीनंतर बेपत्ता मुलांच्या प्रश्नाकडे पाहण्याची दृष्टी हळूहळू बदलली. 'बचपन बचाओ आंदोलन' या संस्थेच्या याचिकेवर १० मे २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महत्त्वाचा आदेश दिला. मूल बेपत्ता झाल्याची तक्रार येताच प्रथम माहिती अहवाल नोंदविणे बंधनकारक झाले. मूल पळविले गेले किंवा मानवी व्यापाराला बळी पडले, असे गृहीत धरूनच तपास करावयाचा. चार महिन्यांत मूल न सापडल्यास प्रकरण मानवी व्यापार प्रतिबंधक पथकाकडे सोपवावयाचे. 'चोवीस तास थांबा, येईल परत' या उत्तराला आता कायद्याचा आधार नाही.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, कोणत्याही पोलीस ठाण्याला त्याची माहिती नोंदवून घ्यावी लागते. यालाच 'झिरो एफआयआर' म्हणतात. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमानुसार पालकांपासून दुरावलेले मूल आढळल्यास चोवीस तासांच्या आत पोलीस, बाल कल्याण समिती किंवा १०९८ या बालसाहाय्य क्रमांकाला कळविणे आवश्यक आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार बालकावरील लैंगिक अत्याचाराची माहिती असूनही ती न देणे हा गुन्हा आहे. ही जबाबदारी शिक्षकांवरही आहे.

मानवतसारख्या प्रकरणांच्या संदर्भात महाराष्ट्राने २०१३ साली केलेला नरबळी व जादूटोणा प्रतिबंधक कायदाही उल्लेखनीय आहे. नरेंद्र दाभोलकर यांच्या २० ऑगस्ट २०१३ रोजी झालेल्या हत्येनंतर प्रथम तो अध्यादेशाच्या रूपाने आणि त्याच वर्षी अधिनियम म्हणून आला. मात्र तो राज्याचा कायदा आहे. त्याची हद्द महाराष्ट्राच्या सीमेवर संपते.

पांढुर्णा-सौंसर : सीमेवरचा प्रश्न

येथेच पांढुर्णा आणि सौंसर या भागाचे वेगळेपण लक्षात येते. छिंदवाडा जिल्ह्यातील हे दोन तालुके मिळून ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा हा नवा जिल्हा अस्तित्वात आला. बोली, सोयरीक, बाजारहाट, दवाखाना या साऱ्या बाबतींत हा भाग नागपूर-अमरावतीकडे पाहतो. पांढुर्णा हे नागपूर-इटारसी लोहमार्गावरचे स्थानक आहे आणि सौंसरवरून नागपूर-छिंदवाडा रस्ता जातो. संत्र्याच्या आणि कापसाच्या हंगामात मजुरांची ये-जा सीमेच्या दोन्ही बाजूंना होते व त्यांच्यासोबत त्यांची मुलेही हिंडतात.

परंतु शासनाच्या दृष्टीने नरखेड आणि पांढुर्णा ही दोन वेगळी जगे आहेत. पोलीस दल वेगळे, बाल कल्याण समिती वेगळी, उच्च न्यायालय वेगळे. एकीकडे नागपूर खंडपीठ, दुसरीकडे जबलपूर. गाडीत बसलेले मूल तासाभरात राज्य ओलांडते, त्याच्याविषयीची तक्रार मात्र तितक्या वेगाने ओलांडत नाही. कोल्हापूर प्रकरणात एकाच राज्यातील जिल्ह्यांना एकमेकांची नोंद जुळविण्यास सहा वर्षे लागली. दोन राज्यांच्या सांध्यावर हा धोका अधिक आहे. म्हणून 'हे आमच्या हद्दीत येत नाही' या उत्तरापुढे झिरो एफआयआरची तरतूद माहीत असणारा एक सुशिक्षित माणूस पालकासोबत उभा असणे, ही येथे फार मोठी गोष्ट ठरते.

शिक्षकांची भूमिका

कनिष्ठ व वरिष्ठ महाविद्यालयांतील शिक्षकांचा मुलांशी थेट संबंध शाळेतील शिक्षकांइतका येत नाही. तरीही त्यांच्या वर्गात बसणारे विद्यार्थी हे धाकट्या भावंडांचे पालक, उद्याचे शिक्षक, पोलीस शिपाई, वकील आणि वार्ताहर असतात. या दृष्टीने पुढील बाबी विचारात घेता येतील.

१. हजेरीपटाकडे केवळ परीक्षेच्या पात्रतेसाठी पाहू नये. सतरा वर्षांची विद्यार्थिनी कायद्याने बालकच आहे. ती आठवडाभर आली नाही तर 'लग्न ठरले असेल' असे समजून सोडून न देता घरी चौकशी व्हावी.

२. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून बेपत्ता मुलाची तक्रार कशी द्यावी, अहवालाची विनामूल्य प्रत कशी मागावी, १०९८ वर काय सांगावे, याची माहिती वस्त्यांपर्यंत न्यावी. तक्रार लिहिता न येणाऱ्या पालकाला ती लिहून देणे हीदेखील समाजसेवाच आहे.

३. नागरिकशास्त्र, समाजशास्त्र व विधी या विषयांच्या अध्यापनात मानवतचा निकाल अवश्य घ्यावा. भावनेने 'फाशी द्या' म्हणणे सोपे असते. पुरावा का लागतो, हे समजावणे कठीण असते आणि तेच शिक्षकाचे काम आहे.

४. मुले पळविणाऱ्या टोळीचा संदेश भ्रमणध्वनीवर आला तर तो पुढे पाठविण्याआधी पोलीस ठाण्यात विचारावे, ही शिस्त विद्यार्थ्यांत रुजवावी. राईनपाड्यातील पाच मृत्यू त्यासाठी पुरेसे उदाहरण आहे.

५. बळी पडलेल्या बालकाचे नाव व छायाचित्र प्रसारित करू नये. फेब्रुवारी २०१३ मध्ये भंडारा जिल्ह्यातील मुरमाडी येथे तीन बहिणींचे मृतदेह विहिरीत सापडले. त्यानंतर देशाच्या गृहमंत्र्यांनी संसदेत निवेदन वाचताना त्या मुलींची नावेच उच्चारली आणि ती नंतर कामकाजातून काढावी लागली. जेथे गृहमंत्र्यांकडून चूक होते, तेथे विद्यार्थ्यांना हा नियम शिकवावाच लागेल.

समारोप

मानवत, कोल्हापूर, निठारी आणि अटलांटा या चार ठिकाणी काळ, भाषा आणि समाज वेगवेगळे आहेत. बळी पडलेली मुले मात्र बहुतांशी एकाच थरातली आहेत : ज्यांच्या आईबापांची तक्रार ऐकून घेण्याची कोणाला घाई नव्हती, अशा घरांतली. खुनी क्रूर होते हे खरे. पण क्रूर माणूस प्रत्येक समाजात केव्हा तरी निपजतो. एक खून दहा खुनांपर्यंत जातो तो त्याच्या क्रौर्यामुळे जितका, तितकाच पहिल्या खुनाकडे झालेल्या दुर्लक्षामुळे जातो.

न सुटलेल्या प्रकरणांचा अभ्यास कुतूहल शमविण्यासाठी करावयाचा नसतो. मानवतच्या दहाजणी परत येणार नाहीत आणि त्यांच्या मृत्यूमागचा शेवटचा प्रश्न बहुधा अनुत्तरितच राहील. मात्र पांढुर्ण्याच्या स्थानकावर, सौंसरच्या बाजारात किंवा नरखेडच्या एखाद्या मळ्यावर उद्या एखादे मूल दिसेनासे झाले, तर त्याची तक्रार त्याच दिवशी, योग्य शब्दांत आणि योग्य ठिकाणी नोंदली जावी, एवढे निश्चितपणे करता येण्यासारखे आहे. पुढच्या मालिकेला पहिल्याच नावावर अडविण्याची संधी त्या एका नोंदीत असते.